चोर बाजार: घेताना पारख, विकताना त्याहून जास्त

मुंबईत मोहम्मद अली रोडपासून चालत काही मिनिटांवर मटन स्ट्रीट आहे. नाव मटणाचे, पण गल्लीत मिळतात लाकडी कपाटे, पितळेच्या समया, भिंतीवरची घड्याळे, झुंबरे, चिनी मातीच्या बरण्या, ग्रामोफोन आणि जुन्या सिनेमांची पोस्टर्स. हाच तो चोर बाजार. दीडशेहून अधिक वर्षांचा हा बाजार आहे असे मानले जाते. सिनेमाचे सेट लावणारे इथे येतात, हॉटेलवाले येतात, परदेशी पाहुणे येतात. आपल्या मोहल्ल्यातले लोक मात्र बहुतेक वेळा दोनच कामांसाठी येतात, एखादा मोडलेला भाग शोधायला, नाहीतर घरातले जुने सामान काढायला.

या दोन्ही कामांत आपण फसू शकतो. नवी वस्तू जुनी म्हणून घेतली तर दोन-चार हजार जातात. जुनी, मौल्यवान वस्तू किलोच्या भावाने दिली तर किती गेले, ते कळतही नाही. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही बाजू मांडणार आहोत. घेताना काय बघावे आणि देताना काय थांबवावे. बाजार मुंबईचा असला तरी यातल्या बऱ्याच गोष्टी पुण्याच्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही उपयोगी पडतील.

नावाच्या दोन कहाण्या

या बाजाराच्या नावाची एक कहाणी सगळीकडे सांगितली जाते. मूळ नाव शोर बाजार, कारण इथे फार गोंगाट असायचा. इंग्रजांना "शोर" म्हणता येईना, त्यांनी "चोर" केले. ऐकायला छान वाटते. पण आम्ही भाषा शिकवणारी माणसे, आम्हाला इथे अडखळायला होते. इंग्रजीत "श" आहेच की. शिप, शॉप, शर्ट हे शब्द रोज बोलणाऱ्याला "शोर" म्हणता येऊ नये, हे पटत नाही.

दुसरी कहाणी राणी व्हिक्टोरियाची. राणी मुंबईला आली, जहाजावरून सामान उतरवताना तिचे व्हायोलिन चोरीला गेले आणि या बाजारात सापडले. यात एकच अडचण आहे. राणी व्हिक्टोरिया भारतात कधी आलीच नाही.

नाव कसे पडले ते असो, त्या नावाचे ओझे मात्र इथल्या दुकानदारांच्या डोक्यावर आहे. बाप-आजोबांपासून जुन्या मालाचा धंदा करणारी ही मंडळी, ज्यात मोठा हिस्सा मुस्लिम कुटुंबांचा आहे, "चोर बाजारात दुकान आहे" असे सांगताना हसून घेतात. प्रत्यक्षात या बाजाराचा कणा चोरी हा नाही. कणा आहे भंगार ओळखण्याची नजर आणि ते दुरुस्त करणारे हात.

माल येतो कुठून?

जुनी वस्तू सरळ घरातून दुकानात येत नाही. मध्ये तीन-चार हात असतात. दारावर बोहारीण येते, जुने कपडे घेते, स्टीलचे भांडे देते. भंगारवाला तांबे, पितळ, लोखंड, रद्दी वजनावर उचलतो. एखादी जुनी इमारत पाडायची असली की घर रिकामे करणारा ठेकेदार दारे, खिडक्या, फरशा, पंखे असे सगळे एकत्र घेतो. बंद पडलेल्या इराणी हॉटेलांच्या खुर्च्या आणि संगमरवरी टेबले अशीच बाहेर पडतात. मुंबईच्या दारुखान्यात आणि गुजरातच्या अलंगमध्ये जहाजे तोडली जातात. तिथले दिवे, होकायंत्रे, गोल खिडक्याही या बाजारात पोचतात.

पुढचे काम कारागिराचे. सुतार कपाटाचा मोडलेला पाय बसवतो, पॉलिशवाला चमक आणतो, घड्याळवाला तीन बंद घड्याळांतून एक चालू घड्याळ तयार करतो. म्हणून भंगारात तीनशेला गेलेली वस्तू दुकानात तीन हजारांना दिसली की लगेच "लूट आहे" म्हणू नये. त्या फरकात वाहतूक आहे, दुरुस्ती आहे, दुकानाचे भाडे आहे आणि गिऱ्हाईक येईपर्यंत वर्ष-दोन वर्षे अडकलेला पैसा आहे. पण याच साखळीत नकली मालही घुसतो, आणि तिथेच गिऱ्हाइकाने डोळे उघडे ठेवायचे.

कधी जायचे?

दुकाने साधारण सकाळी अकराच्या सुमारास उघडतात आणि संध्याकाळपर्यंत चालू असतात. शुक्रवारी मटन स्ट्रीटवरची दुकाने बंद असतात आणि त्याच भागात रस्त्यावर जुमा बाजार भरतो. दुकानदार जाणकार असतो, त्याचा भाव चढा असतो, पण वस्तू बरी नसली तर परत कुठे यायचे ते आपल्याला माहीत असते. रस्त्यावर माल ढिगाने आणि स्वस्त असतो, पण पुढच्या शुक्रवारी तोच विक्रेता त्याच जागी भेटेल याची खात्री नसते. पहिल्यांदा जाणाऱ्याने महाग वस्तू दुकानातून घ्यावी, किरकोळ वस्तू रस्त्यावरून.

सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येते. गाडी नेऊ नये, उभी करायला जागा नाही.

खिशात काय न्यायचे?

एक छोटे लोहचुंबक, एक मोजपट्टी, जमले तर भिंग. तिन्ही मिळून शंभर-दोनशे रुपयांत येतात आणि हजारो वाचवतात.

पितळ आणि तांबे: शुद्ध पितळ-तांब्याला चुंबक चिकटत नाही. "सॉलिड पितळ" म्हणून सांगितलेल्या समईला चुंबक चिकटले, तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. मुरादाबादला पितळेचा आणि रुरकीला जहाजी उपकरणांच्या नकलांचा मोठा धंदा आहे. तो धंदा अगदी रीतसर आहे, शोभेची वस्तू म्हणून नवी दुर्बीण घ्यायला काहीच हरकत नाही. फक्त ती शंभर वर्षांची म्हणून घेऊ नये. वर इंग्रजी कंपनीचे नाव आणि १९१७ असे कोरलेले असले तरी कोरायला पाच मिनिटे लागतात.

लाकूड: कपाट समोरून बघू नका. खण बाहेर ओढा, उलटा करा, पाठीमागची फळी बघा. जुन्या सागवानी कपाटाची पाठही लाकडाचीच असते. तिथे प्लायवूड दिसले तर एक तर दुरुस्ती झाली आहे किंवा वस्तू नवी आहे. स्क्रूकडे बघा. अधिकच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आले. "आजोबांच्या आजोबांचे कपाट" आणि सगळे स्क्रू त्या खाचेचे, हे जमत नाही. खणाखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला तर आत कीड जिवंत आहे.

घड्याळे: एचएमटीची हातघड्याळे इथे ढिगाने दिसतात. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना काढला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि मग जुन्या घड्याळांची हौस वाढली. आता भडक निळ्या, लाल, केशरी तबकड्यांची जी घड्याळे "जुनी एचएमटी" म्हणून मिळतात, त्यांतली बरीच पुन्हा रंगवलेली असतात. आतले यंत्र खरे, वरचा चेहरा नवा. वापरायला ठीक, पण भाव त्या हिशोबाने द्यावा. अक्षरे फार ताजी, काटे एका जातीचे आणि डबी दुसऱ्या जातीची, अशी जोडाजोडी भिंगातून लगेच दिसते.

ग्रामोफोन: चकचकीत पितळी कर्णा, खाली चौकोनी पेटी, त्यावर कुत्र्याचे चित्र. असा ग्रामोफोन दिसला की थांबायचे. कित्येकदा ही पेटी आणि कर्णा नवे असतात आणि आत जुन्या, बॅगेसारख्या ग्रामोफोनचे यंत्र बसवलेले असते. एचएमव्हीचे १०२ हे मॉडेल भारतातल्या घरांत खूप होते, आणि त्याला बाहेर कर्णा नव्हताच. तो साधा, बॅगेसारखा, झाकण लावून उचलायचा ग्रामोफोन. दिखाऊ कर्ण्यापेक्षा तो बरेचदा अस्सल निघतो. चावी भरून रेकॉर्ड लावून ऐकल्याशिवाय कोणताच घेऊ नये.

पोस्टर्स: जुनी सिनेमाची पोस्टर्स घड्या घालून थिएटरांना पाठवली जात. म्हणून अस्सल पोस्टरवर बहुधा घडीच्या खुणा असतात, कडा पिवळट, कागद पातळ. "मुघल-ए-आझम" १९६० चा. त्याचे पोस्टर गुळगुळीत, जाड, चकाकत्या कागदावर आणि बिनघडीचे असेल तर ती छपाई नंतरची समजावी. भिंतीला लावायला नवी छपाईही सुंदर दिसते, पण तिची किंमत काही शे रुपयांत असायला हवी.

नाणी, आणि ७८६ ची नोट

नाण्यांत फसवणूक सगळ्यांत जास्त. १८१८ किंवा तशा सालाची, "ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आणा" असे छापलेली आणि मागे देवादिकांची किंवा कधी मक्का-मदिनेची चित्रे असलेली तांब्याची जाडजूड नाणी सर्रास विकली जातात. कंपनी सरकारने असे अर्ध्या आण्याचे नाणे पाडलेच नव्हते. ही नंतर बनवलेली, नाणे म्हणून काहीही मोल नसलेली टोकन आहेत. तांदूळ ओढणारे नाणे, बरकतीचे नाणे वगैरे कहाण्या यांच्याच भोवती रचल्या जातात. भोळ्या माणसाच्या श्रद्धेवर केलेला हा धंदा आहे.

चांदीचा रुपया तपासायला घरचा छोटा वजनकाटा पुरतो. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि नंतर राणीचा, राजाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा होता. जुना तोळा म्हणजे हेच वजन. आज सराफ सोयीसाठी १० ग्रॅमला तोळा म्हणतात. १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती, १९४० ते १९४५ च्या रुपयात फक्त ५० टक्के आणि १९४७ चा रुपया निकेलचा. म्हणजे "राजाचा रुपया" म्हणून सारखा भाव सांगणारा विक्रेता एक तर जाणत नाही किंवा जाणून सांगतो. साल वाचा, वजन करा, मग बोला. आणि नाणे कधी चिंच-लिंबाने घासू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहक लगेच पाडतात.

७८६ क्रमांकाच्या नोटेबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण हा सापळा आपल्याच लोकांसाठी लावलेला असतो. "तुमच्याकडे ७८६ ची नोट आहे? लाखो रुपये मिळतील" असे निरोप मोबाईलवर फिरतात. पुढे "नोंदणी फी", "कमिशन", "टॅक्स" मागितला जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी बँक कोणतीही फी किंवा कमिशन घेत नाही आणि तिने कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. हौस म्हणून कोणी अशी नोट थोडे जास्त देऊन घेईल, ते वेगळे. पण विकणाऱ्याकडेच आधी पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक नसतो.

भाव कसा करायचा?

इथे घासाघीस अपेक्षितच असते, तिला कोणी वाईट मानत नाही. पण तिचीही रीत आहे. वस्तू हातात घेतल्याबरोबर "कितने का?" विचारू नये. आधी दोन-तीन दुकानांत तशीच वस्तू बघून अंदाज घ्यावा. घ्यायचीच नसेल तर भाव करू नये, दुकानदाराने आपला भाव मान्य केला आणि आपण पाठ फिरवली की त्याची बोहनी खराब झाली असे तो मानतो. पैसे मोजण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. दुरुस्ती कुठे कुठे झाली आहे? चालू आहे का, चालवून दाखवा. बिघाड निघाला तर परत घ्याल का?

हे प्रश्न विचारायला संकोच नको. आपल्या फिकहमध्ये विक्रेत्याने मालाचा ऐब सांगूनच माल विकावा असा नियम आहे, आणि लपवलेला ऐब नंतर उघडा पडला तर माल परत करण्याचा हक्क खरीददाराला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. ओले धान्य वर सुक्या धान्याने झाकून विकणाऱ्या माणसाला रसूलुल्लाह (स.) यांनी टोकले होते, हा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात ऐकलेला आहे. नव्या पॉलिशखाली झाकलेली कीड म्हणजे तेच ओले धान्य. गिऱ्हाइकालाही नियम आहेत. दुसऱ्याचा सौदा चालू असताना मध्ये जास्त बोली लावून वस्तू ओढून घेऊ नये. आणि एखाद्या गरजू माणसाच्या नजरेतून सुटलेली मोठी किंमत आपल्याला दिसली, तर त्याच्या अज्ञानाचा किती फायदा घ्यायचा, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

हजाराच्या वर काहीही घेतले तर पावती मागा. दुकानाचे नाव, तारीख, वस्तूचे वर्णन, किंमत. "जुनी" की "जुन्यासारखी", हेही लिहून घ्या. तोंडी शंभर वर्षे सांगणारा पावतीवर लिहायला कचरला, तर उत्तर मिळाले.

कायदा काय म्हणतो?

पहिली गोष्ट चोरीच्या मालाची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार, चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना अप्रामाणिकपणे तो घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. आणि माल विक्रीच्या १९३० च्या कायद्याचे साधे तत्त्व असे की विकणाऱ्याकडे जी मालकी नाही ती तो दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणजे आपण पूर्ण पैसे मोजले असले तरी मूळ मालक आला की वस्तू जाऊ शकते.

रस्त्यावर कोणी पिशवीतून नवाकोरा मोबाईल काढून पाव किमतीत देऊ लागला, तर पुढे चालायला लागायचे. जुना मोबाईल घ्यायचाच असेल तर त्यावर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीची नोंद असलेला फोन तिथे कळतो. आपल्या तरुण मुलांना हे नक्की सांगा. दोन हजार वाचवायला गेलेला मुलगा पोलीस ठाण्यात बसला, तर त्याचे शिक्षण आणि घराची झोप दोन्ही जातात.

दुसरी गोष्ट पुरातन वस्तूंची. १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे, कारागिरीची वस्तू पुरातन ठरू शकते. ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा शास्त्रीय महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो, काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दुबई किंवा लंडनच्या नातेवाइकांना भेट म्हणून जुनी वस्तू सोबत देताना हे लक्षात ठेवा. विमानतळावर अडकणार ते तेच.

तिसरी गोष्ट, हस्तिदंत आणि वाघ-बिबट्याचे कातडे. कितीही जुने असो, कितीही स्वस्त असो, त्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. हातही लावू नका.

घरी आणल्यावर

लाकडी वस्तू सरळ झोपायच्या खोलीत नेऊ नये. दोन-चार दिवस गॅलरीत उन्हात ठेवा, सांधे आणि फटी बघा. ढेकूण एकदा घरात शिरले की वस्तूच्या किमतीपेक्षा औषधाचा खर्च जास्त होतो. जुना पंखा किंवा दिवा असेल तर आधी वायरमनकडून आतली वायर बदलून घ्या, कापडी आवरणाच्या वायरी ठिसूळ झालेल्या असतात. तांब्या-पितळेची देग किंवा पातेले स्वयंपाकात वापरायचे असेल तर कल्हई करूनच. दही, टोमॅटो, चिंच असे आंबट पदार्थ उघड्या तांब्याशी लागले की तांबे अन्नात उतरते. जुन्या भांड्यांवरचा आणि खेळण्यांवरचा रंग उडत असेल तर त्यात शिसे असू शकते. लहान मुलांच्या हातात ती खेळणी देऊ नका, त्या भांड्यात जेवण वाढू नका.

आता दुसरी बाजू: घर रिकामे करताना

इथपर्यंत घेण्याचे झाले. पण आम्हाला जास्त काळजी देण्याची आहे. दादी-नानी जातात, कोकणातले घर बंद होते, चाळ पुनर्विकासाला जाते, आणि दोन दिवसांत खोली खाली करायची असते. सगळे थकलेले, दुःखात. भंगारवाल्याला बोलावले जाते आणि तो काट्यावर सगळे उचलतो. नक्षीचे पानदान, तांब्याची देग, पितळेचा उगालदान, सगळे एकाच भावात. इथे घाई करू नका. धातूच्या भांड्यांचा मोकळा फोटो काढा, वजन करा, दोन ठिकाणी भाव विचारा. मोडीचा भाव आणि नक्षीचा भाव वेगळा असतो, आणि तो फरक भंगारवाल्याला माहीत असतो.

भांड्यांपेक्षाही मोठे नुकसान कागदाचे होते. जुन्या ट्रंकेतली रद्दी म्हणून जे जाते, त्यात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा असतो, जमिनीची सनद असते. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाचे जात प्रमाणपत्र आणि पडताळणी करताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीच्या नोंदीचा पुरावा मागितला जातो. भटक्या-विमुक्तांसाठी ती तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. पिंजारी, मोमीन, तांबोळी, बागवान अशा किती घरांतली मुले बारावीनंतर या एका कागदासाठी धावत असतात, ते आम्ही शाळेत दरवर्षी बघतो. आणि तो कागद कित्येकदा दहा रुपये किलोने गेलेला असतो. ट्रंक द्या, पण प्रत्येक कागद उलगडून बघितल्यावर द्या.

तिसरे, उर्दू-फारसीची पुस्तके. नव्या पिढीला ती लिपी येत नाही, म्हणून घरात ती "न वाचता येणारी" पुस्तके होतात. कुरआन शरीफची जुनी प्रत किंवा दीनी किताब आपण रद्दीत देत नाही, अदबीने दफन करतो किंवा पाण्यात सोडतो. हे योग्यच आहे. पण त्याआधी एकदा बघावे की ती छापील आहे की हाताने लिहिलेली. हस्तलिखित असेल तर शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याचे नाव, गाव, हिजरी साल असू शकते. कित्येक घरांत पहिल्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्मतारखा लिहिलेल्या असतात, म्हणजे खानदानाचा इतिहासच. मशिदीच्या इमामसाहेबांना दाखवा, उर्दू शिकवणाऱ्या शिक्षकाला दाखवा. मुंबईत अंजुमन-ए-इस्लामची करीमी लायब्ररी आहे, जामा मशिदीचा कुतुबखाना आहे. हस्तलिखितांची नोंद आणि जतन व्हावे म्हणून केंद्र सरकारने २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू केले. देणगी द्यायची नसेल तरी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. तेवढे तर मोबाईलवर कोणालाही जमते.

बाजार राहील का?

शेजारच्या भेंडी बाजाराचे रूप बदलते आहे. सैफी बुरहानी अपलिफ्टमेंट ट्रस्टने सुमारे साडेसोळा एकरांवर समूह पुनर्विकास हाती घेतला आहे, मोडकळीला आलेल्या सुमारे अडीचशे इमारतींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. याबद्दल हळहळणाऱ्यांनी ३१ ऑगस्ट २०१७ हा दिवस विसरू नये. त्या दिवशी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. जुनी घड्याळे सुंदर दिसतात, पण जुन्या जिन्याखाली लेकरे झोपलेली असतात. लोकांना पक्के घर मिळायलाच हवे.

पण फुटपाथपर्यंत माल पसरवून धंदा करणारा, छोट्या गाळ्यात सुतार आणि घड्याळवाला शेजारी ठेवणारा हा बाजार काचेच्या दुकानांत किती मावेल, हा प्रश्न आहे. दुकान हलवता येते. पण ज्याच्याकडे मोडलेल्या वस्तूचा नेमका भाग मिळतो, तो समोरचा गाळा आणि ती ओळख हलवायला कठीण जाते.

म्हणून मुलांना एकदा तिथे घेऊन जा. काही घेतलेच पाहिजे असे नाही. चुंबक त्यांच्या हातात द्या, स्क्रू बघायला लावा, नाण्यावरचे साल वाचायला लावा, एखाद्या जुन्या बरणीच्या बुडावरची मोहर वाचायला सांगा. आणि घरी आल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली उतरवा. भंगारवाला यायच्या आधी तिच्यात काय आहे, ते घरातल्या माणसांना माहीत असू दे.